अठरा अंशांची अट

१६ ऑक्टोबर

काल संध्याकाळी शहराच्या बॉयलरमधून पाइपांत गरम पाणी आलं. आज सकाळी सहाला उठून घर तापवणाऱ्या पाचही रेडिएटरमधली हवा सोडली. पाऊण बादली काळं पाणी निघालं. गेल्या वर्षी हे काम नळवाल्याला सांगितलं होतं. तो दोन रेडिएटर तसेच ठेवून, चहा पिऊन गेला. हवा अडकलेला रेडिएटर वरून गार आणि खालून कोमट राहतो, हे मी बॉयलर प्रशिक्षण शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्या नळवाल्यालाही मीच शिकवलं असेन.

ही वही यंदाच्या हिवाळ्यापुरती आहे. लीशिन, माझा मुलगा, चीनच्या दक्षिण टोकाला सान्याला असतो. मी तिकडे येऊन राहावं म्हणून तीन वर्षं मागे लागला आहे. उन्हाळ्यात आमची अट ठरली: पूर्ण हिवाळा माझ्या झोपायच्या खोलीचं तापमान अठरा अंशांच्या वर राहिलं तर हा विषय कायमचा बंद. एकदा जरी खाली गेलं, तरी मी घर सोडायचं. रोज सकाळी सहाला थर्मामीटरचा फोटो पाठवायचा. अट मीच सुचवली. शब्दांनी भांडण्यापेक्षा आकड्यांनी भांडलेलं बरं.

आज साडेअठरा.

२५ ऑक्टोबर

खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. उत्तरेच्या भिंतीवर लीशिनच्या वडिलांची जुनी गोधडी टांगली. ते जाऊन आठ वर्षं झाली, गोधडी अजून जाड आहे.

अडचण अशी की या जिन्यातली माणसं संपत चालली आहेत. मी चौथ्या मजल्यावर. माझ्या डोक्यावरचं घर दोन वर्षं बंद, शेजारचं यंदा बंद झालं. दोघांनीही गरम पाण्याचा पुरवठा तोडून घेतला आहे. म्हणजे माझ्या दोन बाजूंना बर्फाची पेटी. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाते आणि कुणाची परवानगी घेत नाही. माझी उष्णता रोज त्या रिकाम्या घरांतल्या कपाटांना ऊब देते.

इमारतीची प्रमुख छू कोबीचे गड्डे घेऊन वर आली. "लुआन बाई, यंदा तुमची परीक्षा आहे म्हणे. सगळ्या इमारतीला ठाऊक आहे."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. पोराशी फोनवर एवढ्या मोठ्यानं बोलता, खाली दोन मजल्यांवर मला अट पाठ झाली."

वीस गड्डे मीठ घालून रांजणात दाबले, रांजण झोपायच्या खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. ईशान्य चीनची माणसं कोबीसाठी वेडी असतात, असं लीशिनची बायको म्हणते. ती दक्षिणेची.

९ नोव्हेंबर

बाहेर उणे नऊ, आत अठरा पूर्णांक चार. जेमतेम.

जिन्यात थोंग मिस्त्री भेटला. तो माझ्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. चौसष्ट वर्षांचा असेल. एकोणनव्वद साली माझ्या संध्याकाळच्या वर्गात होता. प्रात्यक्षिकाला आठ तास दर तासाला बॉयलरचा दाब आणि तापमान वाचून नोंदवायचं होतं. हा कोळशाच्या ढिगामागे झोपला आणि आठही आकडे मनाने लिहून टाकले. आकडे बरोबरच असणार, कारण बॉयलर नीट चालू होता. पण वाचलेले नव्हते. मी नापास केलं. त्याला दाखला मिळाला नाही, जन्मभर तो कोळसा ओढत राहिला. मला त्याचा पश्चात्ताप नाही. न वाचता लिहिलेल्या आकड्याने माणसं मरतात.

"बाई, आज किती?" त्याने विचारलं.

"काय किती?"

"खोलीत."

"अठरा चार."

"अगदी काठावर आहे," म्हणाला आणि मान हलवत खाली गेला. याला काय पडलंय?

२० नोव्हेंबर

बाहेर उणे सोळा. आत एकोणीस. एकोणीस! बाहेर सात अंशांनी उतरलं आणि आत अर्ध्याहून जास्त अंशाने चढलं. गोधडीचा परिणाम. लीशिनला फोटोखाली लिहिलं, "भिंतीवर हवेचा थर अडवला की काय होतं ते बघ." त्याने अंगठा पाठवला. आजकालची मुलं उत्तराऐवजी अंगठा पाठवतात.

३ डिसेंबर

बाहेर उणे चोवीस. गोठलेल्या सोंगहुआ नदीवरून ट्रक जाऊ लागले. आत एकोणीस पूर्णांक सहा.

बरं वाटायला हवं, पण आज सगळा हिशोब मांडून बसले आणि तो जुळेना. घराबाहेर जाणारी उष्णता: भिंती, खिडक्या, दोन रिकामी घरं मिळून अठ्ठावीसशे वॅट. आत येणारी: रेडिएटर एकोणीसशे, स्वयंपाक आणि दिवे दोनशे, ऊन शंभर, आणि मी. माणसाच्या अंगातून बसल्या बसल्या शंभरेक वॅट उष्णता निघते. पूर्वी या ओळीत मी दोनशे लिहीत असे.

पाचशे वॅट कमी पडतात. ऊर्जा शून्यातून येत नाही, हा पहिला नियम. तेव्हा चूक माझ्या भिंतीच्या जाडीत किंवा उन्हाच्या अंदाजात असणार. ऊन शंभर धरलं होतं ते सहाशे केलं, मग जुळलं. पण डिसेंबरात सूर्य चार वाजायच्या आत बुडतो. स्वतःचं हे पान मी विद्यार्थ्याच्या वहीत पाहिलं असतं तर लाल रेघ मारली असती.

१० डिसेंबर

कोबी बिघडला. महिन्याने जेवढा आंबायला हवा तेवढा आत्ताच आंबून मऊ पडला आहे. मीठ कमी पडलं असणार. चाळीस वर्षं कोबी घालते आहे, मीठ कधी चुकलं नव्हतं. वय.

जिन्यातली वीज आज दुसऱ्यांदा गेली. छू प्रत्येक दारावर थाप मारत ओरडत होती, "कोण हीटर लावतंय ते सांगा! तारा जुन्या आहेत, सगळे जळून मराल!" माझ्याकडे हीटर नाही, तिला आत बोलावून दाखवलं. हीटर लावून अठरा गाठायचे असते तर अट कशाला घातली असती?

खाली थोंगने दार किलकिलं केलं. अंगात बिनबाह्यांचा बनियन, हातात आइस-कांडी, एका नाकपुडीत कापसाचा बोळा.

"हे काय?" मी विचारलं.

"कोरडी हवा, बाई. नाक फुटतं."

"मग रेडिएटर बारीक कर. उणे चोवीसमध्ये बनियनवर बसून आइस-कांडी खातोस, शरम वाटत नाही? इतकी उष्णता वाया!"

"वाया नाही जात, बाई," म्हणाला. "आज किती?"

"एकोणीस सात."

हसला आणि दार लावून घेतलं. नापास झालेल्या माणसाला नियम सांगण्यात अर्थ नाही.

२२ डिसेंबर

वर्षातला सगळ्यात छोटा दिवस. आज ज्यावझ, कणकेत सारण भरून उकळलेले, खायचे, नाहीतर कान गळून पडतात असं पोरांना सांगायची पद्धत आहे. कोबी आणि डुकराच्या मांसाचं सारण भरून चाळीस केले. हाताला चाळीसचीच सवय. दहा खाल्ले, बाकीचे खिडकीबाहेर टांगून गोठवले.

लीशिनशी बोलले. त्यांच्याकडे समुद्रकिनाऱ्यावर पार्टी होती, मागे गाणं वाजत होतं. "आई, एकटीच?"

"दुसरं कोण असणार?"

"मी तेच म्हणतोय."

फोन ठेवला. दुपारी थोंग गोठवून काळ्या पडलेल्या नासपतींची पिशवी घेऊन दारात आला. मी पिशवी घेतली, आभार मानले. तो थोडा वेळ उभा राहिला, मग गेला. दार लावल्यावर लक्षात आलं की ज्यावझ खातोस का, एवढंही विचारलं नाही. उकळतं पाणी चुलीवर होतं, घाई होती.

६ जानेवारी

बाहेर उणे सव्वीस. आत एकोणीस आठ.

थोंग वर आला, यावेळी कोट घालून. त्याची बहीण वारली, तिच्या गावी, इलानला निघाला. मी दोन शब्द बोलले. तो जाता जाता वळून म्हणाला, "पाच-सहा दिवस लागतील, बाई. तोवर अंगात जाड घालून बसा."

"का?"

"थंडी आहे."

मला सांगतोय, थंडी आहे म्हणून!

८ जानेवारी

बाहेर उणे सव्वीस. पाइपात शिरणारं पाणी परवासारखंच गरम, हात लावून आणि मोजून पाहिलं. खिडक्या बंद. आत एकोणीसवर आलं.

९ जानेवारी

अठरा तीन. पुन्हा रेडिएटरची हवा सोडली. हवा नव्हतीच. चिकटपट्ट्या तपासल्या. गोधडीमागे हात घातला. काही बदललेलं नाही आणि तापमान उतरतं आहे. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

१० जानेवारी

सकाळी सहाला सतरा पूर्णांक आठ.

पाच मिनिटं थांबून परत पाहिलं. सतरा आठ. थर्मामीटर काढला, स्वयंपाकघरात नेला, चुलीशेजारच्या भिंतीला टेकवला आणि वाट पाहिली. थर्मामीटरला आसपासच्या हवेइतकं व्हायला वेळ लागतो, घाई केली तर तो खोटं सांगतो, हे मी पहिल्या तासाला शिकवत असे. मी पूर्ण दहा मिनिटं वाट पाहिली. अठरा सहा झाल्यावर फोटो काढला आणि पाठवला.

लीशिनने अंगठा पाठवला.

११ जानेवारी

काल नंतर दिवसभर वही उघडली नाही. सकाळी फोटोची नोंद करण्यापुरती उघडली, तेवढीच.

थोंगने आठ आकडे झोपेत लिहिले, ते बरोबर तरी निघाले असते. माझा आकडा जागेपणी वाचलेला आणि खोटा. त्याच्या नशिबाला मी अठ्ठावीस वर्षं जो धडा लावला तो कालच्या दहा मिनिटांत माझ्याच हातून पुसला गेला.

आज थर्मामीटर परत जागेवर टांगला. सतरा चार. फोटो पाठवलेला नाही.

मग शांत डोक्याने बसले. काय बदललं? पाणी नाही, खिडक्या नाहीत, बाहेरची हवा नाही. सहा तारखेपासून या जिन्यात एकच गोष्ट बदलली आहे.

चपला आणि मोजे काढून जमिनीवरची सतरंजी गुंडाळली, आणि लाकडावर अनवाणी उभी राहिले. गार. मग रांजण सरकवला. कोपऱ्यातला कोबी मीठ चुकल्याने आंबला नव्हता.

पाचशे वॅट.

१२ जानेवारी

दुपारी थोंग परतल्याचं पावलांवरून कळलं. तासाभराने खाली गेले. दार वाजवलं. त्याने उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा अंगावर आली. मी न विचारता आत गेले.

झोपायच्या खोलीत, माझ्या खोलीच्या बरोबर खाली, दोन कपाटं शेजारी शेजारी ओढून ठेवली होती. दोन्हींच्या डोक्यावर एकेक विजेचा हीटर, तोंड वर केलेलं. छताचा रंग दोन ठिकाणी पिवळा पडला होता. रेडिएटरही वाढवलेले, भिंतीभर. थोंगची गादी स्वयंपाकघरात जमिनीवर होती, कारण या खोलीत झोपणं शक्यच नव्हतं.

"हे कधीपासून?"

"नोव्हेंबरपासून. तुम्ही अठरा चार म्हणालात त्या दिवसापासून."

"का?"

तो कपाटाकडे बघत म्हणाला, "उष्णता वर जाते का, ते बघत होतो. परीक्षेत मला नव्हतं आलं."

"चूक. अजूनही चूक. गरम हवा वर जाते. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, मग ती वर असो, खाली असो, आडवी असो. तुझ्या या हीटरची अर्धी उष्णता तुझ्याच भिंतींतून बाहेर गेली आहे. मूर्खपणा आहे. आणि नाक? नाकातून रक्त येतंय ते? रक्तदाब मोजलास?"

"मोजला."

"किती?"

"एकशे सत्तर आहे," तो म्हणाला. "वाचून सांगतोय, बाई. मनाने नाही."

मी एक हीटर स्वतः बंद केला. दुसऱ्याला हात पुरला नाही. तो म्हणाला, "राहू दे की बाई. एप्रिलपर्यंतचा तर प्रश्न आहे. तुम्ही गेलात तर या जिन्यात मी आणि तीन उंदीर."

"उंदरांना थंडी चालत नाही," मी म्हणाले आणि वर आले.

एवढा खटाटोप त्याने का केला असेल? जुना राग असावा. माझा नियम माझ्याच जमिनीवर वापरून दाखवायचा असेल. माणसं एका नापासाची आठवण किती वर्षं ठेवतात!

१३ जानेवारी

लीशिनला फोन केला आणि सगळं सांगितलं. आधी चुलीचं, मग थोंगचं.

तो म्हणाला, "चुलीचं मला माहीत होतं, आई. फोटोत मागे स्वयंपाकघराची निळी फरशी दिसत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, तू सांगशील. दोन दिवस वाट बघायची ठरवली होती."

"तिसरा लागला."

"तिसराच बरा." मग म्हणाला, "आई, खालचे काका एवढं करताहेत तर राहा की यंदा. मी अट सोडतो."

हे तीन वर्षांत तो प्रथमच म्हणाला. माझ्या तोंडाशी हो आलं होतं. वहीत लिहून ठेवते, की आलं होतं.

पण थोंग हीटर बंद करणार नाही. काल मी बंद केलेला त्याने मी जिना चढायच्या आत परत लावला, त्याचा खटका मला ऐकू आला. आज सकाळी माझी खोली अठरा एक होती. मी इथे आहे तोवर तो तिथे भाजत राहणार, एकशे सत्तरवर, गादी स्वयंपाकघरात टाकून. ओरडून उपयोग नाही. एकोणनव्वदमध्येही नव्हता.

"अट ही अट," मी लीशिनला म्हणाले. "तिकीट काढ."

२४ जानेवारी

लीशिन दोन दिवसांपूर्वी आला. त्याने कोबीचा रांजण रिकामा केला, भांडी बांधली. बोलला कमी. मुलगा जिंकला की इतका गप्प का होतो, कळत नाही.

निघायच्या आधी तो मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला खाली वाकला. दक्षिणेला जाणारे सगळेच बंद करून, पाइपांतलं पाणी काढून जातात. माघारी गळती झाली तर कोण बघणार?

"उघडाच राहू दे," मी म्हणाले.

छू दारात उभी होती. "अहो बाई, रिकामं घर तापवून काय करायचं? आणि जोड फुटला तर खालच्याच्या डोक्यावर धबधबा!"

खालचा तिच्यामागेच उभा होता. "खालचा मीच आहे," थोंग म्हणाला. "माझी तक्रार नाही."

मी लीशिनला नीट समजावून सांगितलं. व्हॉल्व्ह बंद केला तर हे घर आठ दिवसांत गोठेल आणि खालच्या घराच्या छतातून उष्णता वर पळू लागेल. उघडा ठेवला तर इथे सोळा-सतरा राहील आणि त्याचं छत उबदार राहील. शिवाय पाइप गोठून फुटायची भीती नाही. कारण पाइप आहे, बाकी काही नाही. लीशिनने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पान्हा पेटीत ठेवला.

किल्ली थोंगला दिली. "हीटर काढून टाक. रोज एकदा वर येऊन जोड तपास."

"किती वाजता?"

"तुझ्या सोयीने."

"सहाला येईन," म्हणाला.

५ फेब्रुवारी, सान्या

इथे आत चोवीस, बाहेर चोवीस. खिडकी उघडी काय, बंद काय. तापमान सगळीकडे सारखं झालं की कुठूनच कुठे काही जात नाही. वर्गात याला समतोल म्हणायचो. मुलं दमून आलेली असत, त्यांना हा भाग आवडायचा, कारण इथे गणित संपतं.

लीशिन आणि सून सकाळी सातला जातात. मी भाजी चिरते. बाल्कनीत बसते.

छूचा फोन आला होता. थोंगने हीटर विकले, नाकातलं रक्त थांबलं, रक्तदाब एकशे चाळीस. "पण लुआन बाई, तो तुमच्या घरात सकाळी जातो तो दुपारपर्यंत खाली येत नाही. कोट घालून बसतो खुर्चीवर."

"जोड तपासायला दहा मिनिटं पुरतात. त्याला सांग, खाली बस, तिथे जास्त ऊब आहे."

"सांगितलं हो. म्हणतो, खाली बसलं की वरून पावलं वाजत नाहीत."

रिकाम्या घरात पावलं कशी वाजणार? छूला म्हटलं, त्याला हिशोब कधीच नीट जमला नाही.

फोन ठेवून उठले, तर इथल्या गुळगुळीत फरशीवर माझ्या चपला फार वाजतात असं वाटलं. काढून हातात घेतल्या आणि अनवाणी आत आले. इथे आमच्या खाली कोण राहतं, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.